मॉर्फिनची चिठ्ठी डॉक्टर का लिहीत नाहीत?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार. माझे वडील ७१ वर्षांचे आहेत, निवृत्त शिक्षक. त्यांचा प्रोस्टेटचा कॅन्सर कमरेच्या मणक्यांत आणि खुब्यात पसरलाय. हार्मोनची इंजेक्शनं झाली, किमो झाली. आता दुखणं एवढं वाढलंय की आम्हाला आवाज येऊ नये म्हणून रात्री ते उशीचा अभ्रा दातांत धरून पडतात. आमचे फॅमिली डॉक्टर खूप जुने, अगदी देवमाणूस. एक दिवसाआड डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देतात, जोडीला ट्रामाडॉलच्या गोळ्या. मी मॉर्फिनचं विचारलं तर म्हणाले, "त्या भानगडीत पडू नका. सवय लागते आणि कायद्याचंही झंझट आहे." अमेरिकेतला भाऊ फोनवर सांगतो की तिकडे या गोळ्यांनी लाखो माणसं गेली, बाबांना अजिबात देऊ नका. आत्या म्हणते, मॉर्फिन सुरू झालं म्हणजे माणूस गेलाच. डॉक्टरांना बाबांचं दुखणं दिसत नाही का? आणि ही गोळी मिळालीच तर आईच्या गुडघ्यांना चालेल का? तिचेही गुडघे फार दुखतात.

– एक लेक, सातारा जिल्हा

उत्तर

ताई,

आधी सरळ उत्तर देते. बाबांना मॉर्फिन मिळायला हवं. आपल्या राज्यात ते कायदेशीर मार्गाने मिळतं. जाणकार डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कमी डोसपासून बेताबेताने वाढवत दिलं, तर त्यापायी कॅन्सरचा रुग्ण व्यसनी होण्याची शक्यता फार कमी असते आणि त्याचं आयुष्यही कमी होत नाही. नेमका डोस किती, हे बाबांना तपासल्याशिवाय कोणी सांगू नये आणि मीही सांगणार नाही. पण हाडांत पसरलेल्या कॅन्सरच्या या पातळीच्या वेदनेला डायक्लोफेनॅक आणि ट्रामाडॉल पुरे पडत नाही, हे तुमच्या पत्रातूनच दिसतंय. जो माणूस अभ्रा चावून रात्र काढतो, त्याचं दुखणं अजून आटोक्यात आलेलं नाही.

आता तुमच्या डॉक्टरांबद्दल. त्यांना बाबांचं दुखणं दिसत नाही, असं मला वाटत नाही. दिसत नसतं तर ते एक दिवसाआड इंजेक्शन द्यायला आले नसते. त्यांचे हात कुठे बांधलेत हे समजून घ्या, म्हणजे त्यांच्याकडे नेमकं काय मागायचं ते कळेल.

सगळ्यात मोठी गाठ कायद्याची. १९८५ साली अमली पदार्थांविरुद्धचा कायदा आला, त्याला आम्ही सगळे एनडीपीएस म्हणतो. हेतू चांगलाच होता, गर्द आणि अफूची तस्करी मोडायची. पण अफूपासून बनणारं मॉर्फिन हे औषधही त्याच जाळ्यात अडकलं. मूळ कायद्यात कमीत कमी दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद होती. हॉस्पिटलला मॉर्फिन ठेवायचं तर राज्य सरकारच्या वेगवेगळ्या खात्यांकडून चार-पाच परवाने काढावे लागत आणि ते सगळे एकाच वेळी चालू असावे लागत. शेवटचा परवाना हातात पडेपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असे. मग पुन्हा पहिल्यापासून. हॉस्पिटलांनी वैतागून नाद सोडला, दुकानदारांनी माल ठेवणं बंद केलं. १९८५ ते १९९७ या काळात देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. १९९७ मध्ये अख्ख्या भारतात मिळून सुमारे १८ किलो मॉर्फिन वापरलं गेलं. हे त्या देशात, जिथे मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्यावर अफू पिकते आणि जगाच्या औषध कंपन्यांना पुरवली जाते. या बारा वर्षांत कॅन्सरने गेलेल्या माणसांच्या रात्री कशा गेल्या असतील, याचा विचार आला की आजही मला संताप येतो.

१९९८ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना नियम सोपे करायला सांगितलं. बऱ्याच राज्यांनी ते मनावर घेतलं नाही. केरळमधले डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारखे काही जण वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घालत राहिले, तेव्हा कुठे २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. आता मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन अशा सहा औषधांसाठी देशभर एकच नियम आहे. राज्याचं औषध खातं, म्हणजे आपल्याकडे एफडीए, ज्या संस्थेला मान्यता देतं तिला ही औषधं ठेवता आणि देता येतात. पाच परवान्यांऐवजी ही एकच मान्यता. अट अशी की तिथे वेदनाशमनाचं किंवा पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करण्याच्या उपचारांचं, प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा, गोळीन् गोळीची नोंद हवी आणि वर्षभराची गरज आधी कळवायला हवी.

तुमच्या डॉक्टरांचा दवाखाना तालुक्याच्या गावातला. त्यांच्याकडे बहुधा ही मान्यता नाही. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली तरी तुमच्या बाजारपेठेतल्या मेडिकलमध्ये ती गोळी मिळायची नाही. २०१८ पासून ट्रामाडॉलही एनडीपीएसच्या यादीत आहे, त्यामुळे कित्येक दुकानदार तेसुद्धा द्यायला कचरतात. "कायद्याचं झंझट" म्हणजे हेच सगळं. ते खोटं बोलले नाहीत. पुढचं अर्धं वाक्य मात्र त्यांनी सांगायला हवं होतं: "माझ्याकडे नाही, पण अमुक ठिकाणी मिळेल."

ते का सांगितलं नाही, याचं कारण मला वाटतं शिक्षणात आहे. आमच्या पिढीला एमबीबीएसमध्ये मॉर्फिन शिकवलं ते हार्ट अटॅकच्या वेळचं इंजेक्शन म्हणून आणि विषबाधेच्या धड्यात श्वास बंद पाडणारं औषध म्हणून. तोंडाने घ्यायची गोळी घड्याळ लावून महिनोन् महिने कशी द्यायची, डोस कसा वाढवायचा, हे कोणी शिकवलंच नाही. वेदना आणि पॅलिएटिव्ह केअर एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात नीट आलं ते २०१९ मध्ये. वयाची पन्नाशी-साठी ओलांडलेले जनरल प्रॅक्टिशनर मॉर्फिनला घाबरतात, ते न शिकलेल्या गोष्टीला घाबरतात. त्यात लबाडी नसते.

आणखी एक भीती आहे, डॉक्टर ती तुमच्यासमोर बोलून दाखवणार नाहीत. खूप आजारी माणसाला मॉर्फिन दिलं आणि दोन दिवसांनी तो त्याच्या आजाराने गेला, तर नातेवाईक काय म्हणतील? "त्या इंजेक्शननेच गेला." डॉक्टरांवरचे हल्ले, दवाखान्यांची तोडफोड रोखायला महाराष्ट्राला २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला, यावरून समजून घ्या. घरात एक आत्या "मॉर्फिन म्हणजे शेवट" म्हणतेय हे डॉक्टरांच्या कानावर गेलंच असणार. उद्या काही झालं तर बोट कुणाकडे दाखवलं जाईल, हे त्यांना बरोबर माहीत आहे. म्हणून तुम्ही सगळ्यांनी, भावाला आणि आत्यांना धरून, एकत्र बसून ठरवा आणि मगच पुढे जा. घरचे एका विचाराचे आहेत असं दिसलं की डॉक्टरांचा धीर वाढतो.

आत्या म्हणतात ते वाऱ्यावरचं नाही. त्यांनी पाहिलेल्या माणसांना बहुधा खरंच अगदी शेवटच्या दोन-चार दिवसांत मॉर्फिन मिळालं असेल, कारण आपल्याकडे ते तेव्हाच आठवतं. म्हणून औषध आणि मरण यांची सांगड बसली. पण मॉर्फिन सुरू करायचं ते दुखणं किती आहे त्यावरून. दिवस किती राहिलेत याचा त्याच्याशी संबंध नाही. कित्येक रुग्ण ते महिनोन् महिने घेतात, झोपतात, जेवतात, नातवंडांचा अभ्यास घेतात. दुखणं कमी झाल्यावर बाबा चार घास जास्त खातील, हा माझा अनुभवावरचा अंदाज आहे.

आता सवयीचं. बाबांच्या शरीराला मॉर्फिन अंगवळणी पडेल, हे खरं. काही आठवड्यांनंतर एकदम बंद केलं तर घाम सुटेल, पोटात कळा येतील, बेचैनी होईल. महिनोन् महिने चाललेलं स्टिरॉइड एकदम थांबवता येत नाही, तशातला हा प्रकार. शेक (रेडिएशन) देऊन दुखणं कमी झालं तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवत नेतात आणि गोळी सुटते. व्यसनात माणूस नशेसाठी औषध शोधतो, त्यासाठी घर विकतो, अपाय दिसत असूनही घेत राहतो. कॅन्सरने तळमळणारा माणूस पुढची गोळी मागतो ती दुखतंय म्हणून. डोस पुरेसा मिळाला की तो मागायचा थांबतो. घरात किंवा स्वतःला पूर्वी दारूचं किंवा इतर व्यसन असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. तेव्हाही औषध मिळतं, फक्त गोळ्या थोड्या-थोड्या दिल्या जातात आणि लक्ष जास्त ठेवलं जातं.

तुमच्या डॉक्टरांशी माझं खरं भांडण डायक्लोफेनॅकवरून आहे. आपल्याकडे ते "साधं" औषध समजलं जातं. ७१ वर्षांच्या माणसाला ते एक दिवसाआड, महिनोन् महिने टोचणं अजिबात साधं नाही. त्याने पोटात जखमा होतात, रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं खराब होतात. त्यात प्रोस्टेटच्या गाठीने लघवीची वाट अडली असेल तर मूत्रपिंडांवर आधीच ताण. आणि मॉर्फिनचे शरीरात तयार होणारे अंश लघवीवाटेच बाहेर पडतात. मूत्रपिंडं बिघडली तर ते साचतात, गुंगी चढते, हातपाय झटके देतात. मग मॉर्फिनचा डोस फार कमी ठेवावा लागतो किंवा फेंटानिलच्या पट्टीसारखं महागडं औषध शोधावं लागतं. म्हणजे कडक औषध टाळण्यासाठी दिलेलं "साधं" औषधच पुढचा रस्ता बंद करू शकतं. मूत्रपिंडं कशी चालतात हे कळायला या आठवड्यातच बाबांचं क्रिएटिनिन, म्हणजे रक्ताची एक तपासणी, करून घ्या. ट्रामाडॉललाही मर्यादा आहे. दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर ते नेता येत नाही, त्यापुढे फायदा नाही आणि झटके येण्याचा धोका. मॉर्फिनला असं छत नाही. दुखणं वाढलं तर डोस वाढवता येतो, म्हणून "आत्ताच वापरलं तर पुढे काय उरणार" ही काळजी करू नका.

मॉर्फिनची साधी गोळी स्वस्त आहे. तिचा असर साधारण चार तास टिकतो. म्हणून ती दुखल्यावर घ्यायची नसते, घड्याळाप्रमाणे घ्यायची: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला बहुतेकदा दुप्पट डोस, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. मध्येच कळ आली तर जास्तीची एक गोळी कधी द्यायची, ते डॉक्टर लिहून देतात. एक वही करा. वेळ, गोळी, दुखणं दहापैकी किती, शौचाला झालं का. डॉक्टरांना ही वही कुठल्याही रिपोर्टइतकी कामाची असते, तिच्यावरूनच ते पुढचा डोस ठरवतात.

पहिल्याच दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध रोज द्या. मॉर्फिनने बद्धकोष्ठ जवळजवळ सगळ्यांना होतं आणि ते आपोआप जात नाही. इसबगोलावर भागवू नका, पाणी कमी पिणाऱ्या माणसाला त्याने उलट त्रास होतो. डॉक्टर देतील तेच औषध घ्या. पहिले तीन-चार दिवस मळमळेल, त्यासाठी गोळी मिळते. आणि पहिले दोन-तीन दिवस बाबा खूप झोपतील. इथे बहुतेक घरं घाबरतात, "गुंगीत गेले" म्हणून गोळी बंद करतात. बरेचदा ती साचलेली झोप असते. इतक्या रात्री जागून काढलेला माणूस दुखणं थांबल्यावर झोपणारच. हाक मारल्यावर डोळे उघडतात, नीट बोलतात, श्वास सावकाश पण सरळ चालू आहे, तर झोपू द्या. जागेच होत नाहीत, श्वास फार मंद झाला, भलतंसलतं बोलू लागले, तर पुढची गोळी देऊ नका आणि लगेच डॉक्टरांना कळवा.

भावाचं म्हणणं उडवून लावू नका. अमेरिकेत घडलं ते खरंच भयानक आहे. १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन नावाची गोळी बाजारात आणली आणि हिचं व्यसन क्वचितच लागतं असं डॉक्टरांच्या गळी उतरवलं. पाठदुखी, गुडघेदुखी, दात काढल्यानंतरचं दुखणं, कशालाही महिन्या-महिन्याच्या गोळ्या लिहून दिल्या गेल्या. कंपनीने २००७ आणि २०२० अशी दोनदा न्यायालयात गुन्ह्याची कबुली दिली. पण तिथे औषधाचा पूर आला, आपल्याकडे दुष्काळ आहे. पुराच्या भीतीने दुष्काळातल्या माणसाचं पाणी तोडायचं नसतं. आणि हाडांत कॅन्सर पसरलेल्या रुग्णाला आजही अमेरिकेतले डॉक्टर मॉर्फिन देतातच. भावाला म्हणावं, तिथल्या एखाद्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये विचारून बघ.

त्याची धास्ती लागू पडते ती आईच्या बाबतीत. नाही ताई, बाबांची गोळी आईला द्यायची नाही. एकही नाही. गुडघ्याच्या झिजेचं किंवा जुन्या पाठदुखीचं दुखणं वर्षानुवर्षं चालतं आणि तिथे ही औषधं फारशी कामाची नसतात. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वर्षभराच्या अभ्यासात जुनाट पाठदुखी, गुडघेदुखी आणि खुबेदुखीच्या रुग्णांना ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीच्या, औषधांनी साध्या औषधांपेक्षा जास्त फायदा झाला नाही, त्रास मात्र जास्त झाला. शिवाय तोल जाऊन पडण्याचा, हाड मोडण्याचा आणि खरोखरच्या सवयीचा धोका. इथे डॉक्टर हात आखडता घेतात ते शहाणपणाचं आहे. आईला मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट शोधा, वजन जास्त असेल तर ते कमी करायला मदत करा, लावायचं मलम वापरा आणि फारच झिजले असतील तर हाडांच्या डॉक्टरांचं मत घ्या. बाबांच्या गोळ्या कुलपात ठेवा, रोज मोजा, उरल्या तर जिथून आणल्या त्या केंद्रात परत करा. त्या हिशेबावर त्या केंद्राची मान्यता टिकते आणि तुमच्यानंतरच्या रुग्णाला औषध मिळतं.

आता करायचं काय ते सांगते. तुमच्या डॉक्टरांकडे पुन्हा जा, पण "मॉर्फिन द्या" म्हणू नका. म्हणा, "डॉक्टर, बाबांना पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना दाखवायचंय. एक चिठ्ठी द्या आणि नंतर घरी तुम्हीच लक्ष ठेवा." मला खात्री आहे, त्यांच्याही मनावरचं ओझं उतरेल. साताऱ्याकडून पुण्याला येताना बायपासवरच वारजे लागतं. तिथलं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून हेच काम करतंय. मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये स्वतंत्र विभाग आहे. बाबांचे उपचार ज्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये झाले तिथे आधी विचारा, बरेचदा विभाग तिथेच असतो आणि कोणी सांगितलेलं नसतं. काही जिल्हा रुग्णालयांतही पॅलिएटिव्ह केअर सुरू झालंय. बायोप्सीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, शेवटचा स्कॅन, क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. पहिल्या खेपेला बाबांना न्यावं लागेल. पुढे अनेक केंद्रांत घरचं माणूस वही दाखवून औषध आणू शकतं, प्रवासाचे हाल वाचतात.

तिथे गेल्यावर शेक देण्याबद्दल, म्हणजे रेडिएशनबद्दल, आवर्जून विचारा. हाडांतल्या दुखण्यावर पुष्कळदा एकाच दिवसाचा शेक पुरतो आणि काही आठवड्यांत गोळ्याही कमी होतात. पायात मुंग्या, करंट लागल्यासारखं दुखणं असेल तर तेही सांगा. नसांच्या दुखण्याला वेगळ्या गोळ्या असतात. त्यातली एखादी "डिप्रेशनची गोळी" म्हणून ओळखीची निघाली तर दचकू नका, इथे ती नसांसाठी दिलेली असते.

एक गोष्ट मात्र यातल्या कशासाठीही थांबवून ठेवायची नाही. बाबांचा कॅन्सर मणक्यांत आहे. पायांतली ताकद अचानक कमी झाली, चालताना पाय लटपटायला लागले, कमरेखाली बधिर वाटलं, लघवी अडली किंवा शौचावरचा ताबा गेला, तर मज्जारज्जू दबत असण्याची शक्यता असते. अशा वेळी काही तासांत उपचार मिळाले तर पाय वाचतात, उशीर झाला तर बहुधा परत येत नाहीत. त्याच दिवशी, रात्र असली तरी, ॲम्ब्युलन्स करून एमआरआय आणि रेडिएशनची सोय असलेल्या हॉस्पिटलला घेऊन जा, आणि निघतानाच फोन करून सांगा की मणक्यात कॅन्सर असलेला रुग्ण आहे आणि पाय गळालेत.